दहाव्या नंबरचा कॉम्प्युटर

नवरा बुद्धिबळ सोडून घरात बसला की बाईचे काय हाल होतात, ते मला विचारा. आमचे हे, म्हणजे गावाचे तुलारामभाऊ, दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि वांगी कशी चिरावीत ते मला शिकवत. वांगी चिरता चिरता माझे केस पांढरे झाले आहेत.

एरवी हे जेवण आटोपून केशवरावांच्या ओसरीवर डाव मांडायला जात, ते दिवेलागणीलाच परत येत. आमच्या पवनीत केशवरावांना कोणी हरवलेलं नव्हतं, आणि ह्यांच्याएवढं त्यांच्याकडून कोणी हरलेलंही नव्हतं. दोघं सुखात होते, मीही होते.

मग गोपीचंदने बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास काढला आणि सगळा घोळ झाला. ग्रँडमास्टरला हरवणारा खेळ आपल्याकडे आलाय, असं तो गावभर सांगत सुटला. त्याला स्वतःला कॉम्प्युटर चालू आणि बंद करता येतो, बस. शिकवायला रुचिता होती, ती नेमकी लग्नासाठी मोहाडीला गेलेली. खेळात एक ते दहा असे नंबर होते. केशवराव मानाचे, म्हणून गोपीचंदने त्यांना पहिला नंबर लावून दिला. ह्यांच्या वाट्याला दहावा आला.

केशवराव जिंकले. ग्रँडमास्टर कॉम्प्युटरकडून हरतो, कॉम्प्युटर माझ्याकडून हरतो, मग मी कोण, असं ते ज्याला त्याला विचारू लागले. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारसुद्धा झाला. आमचे हे मात्र हरले, आणि तेही दहाव्या नंबरकडून. चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसले. ह्यांनी पट माळ्यावर टाकला आणि माझ्या स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. मला ह्यांचं वाईट वाटलं. पण चार दिवसांनी मला माझंच जास्त वाईट वाटायला लागलं.

रुचिता परतली तशी मी तिला रस्त्यात गाठलं. एवढा कच्चा दहावा नंबर ह्यांना हरवतो कसा, म्हणून विचारलं. ती हसू आवरत म्हणाली, "काकू, नंबर जितका मोठा, तितका कॉम्प्युटर तेज. पहिला त लहान लेकरांसाठी आहे. ग्रँडमास्टरले हरवते तो दहावा."

मी तशीच केशवरावांकडे गेले. भाऊजी, पहिल्याला लोळवलंत, आता दहाव्यालाही एकदा दर्शन द्या म्हटलं. इतक्या खालच्या नंबराशी खेळणं आपल्याला शोभत नाही म्हणाले, पण सत्काराची शाल खांद्यावर टाकून निघाले. ह्यांना मी जवळजवळ ओढतच नेलं.

गोपीचंदने चहा सांगितला. चहा येईपर्यंत केशवरावांचा वजीर गेला होता, आणि कप तोंडाला लावायच्या आत मात झाली.

"काहून गा गोपीचंद," ते म्हणाले, "हा दहावा आजच शिकून आला का?"

रुचिताने त्यांना नंबरांची भानगड समजावून सांगितली. केशवरावांनी समोरच्या चहाकडे पाहिलं. त्याची वाफ अजून निघत होती. मग ते ह्यांच्याकडे वळले.

"तुलारामभाऊ, तुमी याच्यासंग किती वेळ टिकले होते?"

"दोनदा चहा झाला होता," हे म्हणाले. "दुसरा त थंडच होऊन गेला."

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. केशवरावांनी शाल उतरवली, ह्यांच्या खांद्यावर घातली आणि आपल्याला शिकवाल का म्हणून विचारलं. मी मनातल्या मनात हात जोडले. उद्यापासून हे पुन्हा ओसरीवर आणि माझं घर माझं.

"शिकवतो," हे शाल सावरत म्हणाले. "पण गुरू काही शिष्याच्या घरी जात नाही, केशवराव. उद्यापासून तुमीच आमच्या घरी येत जा."

एक माणूस घराबाहेर काढायला गेले आणि दोन घरात घेऊन आले. आठवड्याच्या आत मीच रुचिताच्या क्लासात नाव घातलं.