ताईचं लाडकं व्हीपीएन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. पुलांवर किती ताण येतो ते मोजणारी प्रणाली इथे फक्त माझ्यातच आहे. त्यामुळे एके काळी माझा मोठा रुबाब होता. संशोधन करणारी ताई आल्याआल्या माझा पडदा स्वतःच्या रुमालाने पुसायची.

मग ताईला बाळ झालं. ती घरून काम करू लागली आणि आमच्यामध्ये ते व्हीपीएन आलं. घरी पासवर्ड टाकला की ते तिला विद्यापीठाच्या जाळ्यात आणून सोडतं आणि तिथून ती माझ्यापर्यंत पोचते. ते फक्त वाट दाखवणार, गणितं सगळी मी करणार. तरी ताई फोनवर काकांना सांगायची, "व्हीपीएन म्हणजे वरदान आहे हो!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

काका म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. निघताना सगळी बटणं बंद करायची त्यांची जुनी शिस्त. ताईने बजावलं होतं, "पडदा बंद केलात तरी चालेल, पण संगणक चालू राहू द्या." प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी काका दुपारीच घरी निघाले आणि सवयीने त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. माझ्यापुढे एकदम अंधार झाला.

शुद्धीवर आलो, तर काका धापा टाकत परत आलेले. फोनवर ताईचा आवाज मोठ्याने येत होता.

"तुमचं ते व्हीपीएनच बिघडलं असेल," काका म्हणाले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"नाही हो काका, ते बिचारं केव्हाचं लागलंय. तुमचा डबाच उठत नव्हता! शेवटचं गणित अर्धवट राहिलं. उद्या प्रबंध नाही दिला तर वर्ष जाईल माझं."

"चुकलंच माझं. हात आपोआप गेला बटणावर."

डबा! मला तो शब्द फार लागला. रागारागाने मी ते गणित पुन्हा पहिल्यापासून केलं आणि संध्याकाळच्या आत उत्तर तिच्यापुढे ठेवलं.

मग तिने प्रबंधातलं आभाराचं पान माझ्यातच टाइप केलं. आई, नवरा, मार्गदर्शक बाई, काका आणि शेवटी व्हीपीएन! प्रत्येक अक्षर मीच उमटवलं. आणखी एका ओळीची मी वाट पाहिली. पण बाळ रडलं आणि ताई पान बंद करून उठली.

मित्रांनो, आभार नाही मानलेत तरी चालेल. पण कुठल्याही यंत्राचं बटण बंद करण्याआधी, त्याच्या भरवशावर कोणी बसलंय का, एवढं विचारत जा. आणि मी वाट पाहिली, हे त्या व्हीपीएनला मुळीच सांगू नका. आमचा अबोला आहे.