एका नकाशावरची दोन बेटं

मालनबाईंनी मागच्या दारात मिठाच्या पाण्याची गुळणी टाकली, गळ्याला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली. आवाज बसलाय, असा त्याचा अर्थ.

घरातलं टपालखातं बंद पडलं.

यादवने ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी सोडून गणित धरलं, तेव्हापासून सहादू मुलाशी थेट बोलत नसत. त्यांचं स्वतःचं आयुष्य त्याच कारखान्यात गेलेलं. बापलेक समोरासमोर बसून जेवत आणि निरोप यादवच्या आईमार्फत, मालनबाईंमार्फत, जात. वाटेत निरोपांचा आकार बदले. “त्या गाढवाला सांग” निघे, “बाळा, तात्या म्हणतात” पोचे.

उद्या सकाळी यादव दोन वर्षांसाठी मुंबईला निघणार होता. आज बोलणं झालं नाही तर राहिलंच.

सहादूंनी बराच वेळ एकच घास चावला. मग ते फळीवरच्या बंद रेडिओकडे वळले. रेडिओला ते अहो-जाहो करू लागले.

“विचारा त्याला, एवढं काय शोधतोय?”

यादवनेही रेडिओकडेच बघितलं. “सांगा तात्यांना, दोन पृष्ठं आहेत, म्हणजे पुस्तकातली पानं नव्हेत, वळणावळणाचे पृष्ठभाग. समीकरणांतून निघालेली. सर्वसाधारण प्रकारची म्हणतात त्यांना.”

“सर्वसाधारण असून एवढी वर्षं?”

“दोघांचे सगळे आकडे जुळतात. पण एकाला हळूहळू बदलत, कुठंही चुरगळू न देता, दुसऱ्यापर्यंत नेता येतं का? अशा पृष्ठांचा एक नकाशा असतो, बेटाबेटांचा. एकेक ठिपका म्हणजे एकेक पृष्ठ. ही दोन एकाच बेटावर, की वेगवेगळ्या बेटांवर?”

“मग?”

“वेगवेगळ्या बेटांवर. मधे वाटच नाही. गेल्या महिन्यात सिद्ध झालं.”

सहादूंनी हातातली भाकरी खाली ठेवली. रेडिओकडे बघायचं ते विसरले.

“आकडे सगळे सारखे, तरी?”

“तरी.”

“वाट असेल, असं वाटलं होतं का रे तुला?”

यादवचा हात ताटातच थांबला.

“हो, तात्या. फार वाटलं होतं.”

तेवढ्यात मागच्या दाराशी शेजारच्या भिमाबाई आल्या. “काय गं, घसा कसाय?”

“हळू बोल बाई,” मालनबाईंचा ठणठणीत आवाज आत आला. “उद्या गाडी सुटेपर्यंत मला बोलता येत नाही.”

आईचा आवाज तात्यांच्या कानी पडू नये म्हणून यादवने घाईघाईने हात लांबवून रेडिओ लावला. कुणीतरी कांद्यावरच्या करपा रोगाविषयी सांगत होतं.

“बंद कर ते,” सहादू म्हणाले. “बोलतोय ना आपण.”