‘चीनवेध’ची खुर्ची

मुलुंडला विद्याधर सरांच्या फ्लॅटची मागची खोली म्हणजे ‘चीनवेध’चं कार्यालय. चीनचा समाज, चीनचं राजकारण, दर तिमाहीला एक अंक. अंक काढायचं कोण? उत्तरा. भांडुपहून येऊन लेख तपासायची, चिनी मजकूर वाचायची, लेखकांच्या मिनतवाऱ्या करायची. सरांना चिनीचं एक अक्षर येत नव्हतं, पण संपादक म्हणून नाव सरांचं. ‘माझ्यानंतर खुर्ची तुझीच गं,’ असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ही बया त्या एका वाक्यावर इतकी वर्षं राबत आली होती.

आज संपादक मंडळाच्या बैठकीत चहा यायच्या आत सरांनी जाहीर करून टाकलं, “पुढचे संपादक आमचे केयूरराव.”

केयूर म्हणजे सरांचा जावई. वांद्र्याला कुठल्याशा कंपनीत मार्केटिंग करायचा. चीनशी त्याचा संबंध मंचुरियनपुरता! उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळातल्या माणिकताई खिडकीबाहेर बघू लागल्या, बाकीचेही मूग गिळून बसले.

“उत्तरा आहेच की मदतीला,” सर म्हणाले. “चल, संपादकीय वाच.”

ही तिथली जुनी रीत. अंक छापायला जाण्याआधी संपादकीय सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. या खेपेचं सरांनी झणझणीत लिहिलं होतं, चीनमधल्या सत्तेच्या वारसदारांवर. लिहिताना आपलं घर काही त्यांना आठवलं नसावं. उत्तराने कागद उचलला आणि शब्दन् शब्द सुटा करून वाचला.

“‘म्हातारा नेता खुर्ची सोडत नाही. सोडलीच तर घरच्या माणसाच्या हाती देतो. ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांना टाळ्या वाजवायला उभं करतो. आणि भोवतीचे विद्वान गप्प बसतात.’”

केयूरने मोबाइलमध्ये मान घातली. सरांचे कान लालबुंद झाले.

“हे छापायचं नाही.”

“का? तुम्हीच लिहिलंय ना!”

“नाही म्हणजे नाही! आणि तुझी जीभ हल्ली फार चालायला लागलीय.”

“इतकी वर्षं चीनला नावं ठेवलीत सर, आणि उचललंत तिथलं नेमकं हेच,” उत्तरा म्हणाली. कार्यालयाच्या किल्ल्या तिने टेबलावर आपटल्या आणि पायात चपला सरकवून चालती झाली.

अंक निघाला. तिला कोण पाठवणार? माणिकताईंनी गुपचूप पाठवला. त्यात संपादकीय नव्हतं. मंडळाच्या नावांत तिचं नाव नव्हतं. पहिल्या पानावर ‘चीनवेध’च्या रौप्यमहोत्सवाचा फोटो होता, सर खुर्चीत आणि शेजारी केयूर उभा. उत्तरा बघतच राहिली. अरे, त्या समारंभाला हा फिरकलासुद्धा नव्हता! सरांच्या शेजारी ती उभी होती. मेल्यांनी तिला पुसून जावयाला आणून चिकटवलं होतं.

पण काम कच्चं झालं होतं. एक बांगड्यांचा हात पुसायचा राहून गेला होता, खुर्चीची पाठ घट्ट धरलेला.