कारभारणीचा उजवा हात

“मग बाळ, या हातानं तुला काय काय येत नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला सगळं येतं,” असं म्हणून आमच्या कारभारणीनं खुर्चीवरून खाली उडी मारली.

वय वर्षं पाच. कोणी चप्पल कुठे काढायची इथपासून घरात सगळ्यांवर हुकूम सोडते, म्हणून तिला आम्ही कारभारीण म्हणतो. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं जन्मापासून चिकटलेली, तिन्हींवर मिळून एकच कातडी. माझ्या कारखान्यात आजारपणाचा फंड आहे. त्यातून ऑपरेशनचे पैसे हवे असतील तर आधी फंडाच्या डॉक्टरांनी मुलीला तपासायला हवं, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला नेलं होतं.

कारभारणीनं स्वेटरची पाचही बटणं काढली आणि पुन्हा लावली. पेन्सिल धरून घर काढलं, त्याला दार काढलं. बुटाची नाडी बांधली. दर वेळी माझ्याकडे बघून हसली. आणि मी शहाणी म्हणते कशी, “डॉक्टर, हिचं कशावाचून काही अडत नाही!” माझ्या जिभेला हाड नाही, हे सासूबाई सांगून सांगून थकल्या.

मी काजाच्या मशीनवर असते. दिवसभर शर्टांना काजं पाडायची. कारभारीण चार वर्षांची झाली तेव्हा माल तपासताना नापास झालेला एक शर्ट मी मागून घरी आणला आणि त्यावर तिला बटणं लावायला शिकवलं. शर्ट हनुवटीखाली दाबायचा, अंगठा आणि पहिलं बोट यांत बटण पकडायचं, बाकीची तीन आडवी आली की मनगट फिरवायचं. वर्ष गेलं त्यात. रडली, शर्ट फेकला, पुन्हा आपणच उचलून आणला. आम्हाला एकच धास्ती होती, तिला कोणी ‘बिचारी’ म्हणू नये. बाहेर कोणी हळहळलं तर म्हणायचं, मला सगळं येतं. हे वाक्य आम्ही नवराबायकोंनीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी फंडाच्या कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला.

“नामंजूर झालंय, ताई.”

“का?”

“हे वाचा. ‘हाताच्या वापरात अडथळा नाही. शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी.’ नुसतं दिसण्यासाठी असेल तर फंड देत नाही.” मग त्यानं आवाज खाली आणला. “फेरतपासणी एकदाच मागता येते. डॉक्टर दुसरे असतील. या वेळी मुलीला जरा समजावून आणा.”

हॉस्पिटलातल्या सर्जननी आम्हाला नीट सांगितलं होतं. बोटं कमीजास्त लांबीची. मुलगी वाढेल तशी ती एकमेकांना ओढणार, हाड वाकणार, आणि एकदा वाकलं की सरळ करणं अवघड. म्हणजे थांबायला वेळ नव्हता. चिकटलेल्या तिघांतल्या मधल्या बोटाला दोन्ही बाजूंनी एकदम सोडवलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, त्यामुळे ऑपरेशनं दोन. कमी पडेल ती कातडी मांडीवरून काढायची. दोन्हींचा खर्च म्हणजे माझा दीड वर्षाचा पगार, तोही कोणी घास न खाता. नवरा टेम्पो चालवतो, पण टेम्पो मालकाचा. विकायला आमच्याकडे होतं काय!

“तिला सांग, येत नाही म्हण,” नवरा म्हणाला.

“तू सांग ना.”

“मला नाही जमणार. मी बाप आहे तिचा.”

“आणि मी कोण, शेजारीण?”

शेवटी मीच तोच शर्ट काढून तिच्यापुढे ठेवला.

“बटण काजापर्यंत न्यायचं आणि सोडून द्यायचं.”

“पण मला येतं की!”

“येतं गं. डॉक्टरांना मात्र म्हणायचं, नाही येत.”

“खोटं बोलायचं?”

नवरा मध्ये पडला. “खोटं नाही काही. नाटक आहे. नाटक छान झालं तर तुझी बोटं सुटी होतील.”

नाटक म्हटल्यावर बाईसाहेब रंगल्या. बटण निसटलं की “अय्या!” करायची, पेन्सिल पाडून ती कुठे गेली हे शोधायची. नवरा हसला. मीही हसले. जे शिकायला वर्ष लागलं ते चार दिवसांत तिनं मोडून दाखवलं. तिच्या हुशारीचं कौतुक करावं तर तोंड उघडेना. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

फेरतपासणीला डॉक्टरीणबाई होत्या, मायाळू. एक बटण लावायला तिला केवढा वेळ लागतो, हनुवटीखाली कसं लाल होतं, हे त्यांना सांगावं असं दारातच माझ्या मनात आलं. तेवढं खरं पुरलंही असतं कदाचित. पण नाही पुरलं तर पुढे दारच बंद. मी कारभारणीला पुढे केलं.

बटण सुटलं. पुन्हा सुटलं. पेन्सिल पडली.

“दुखतं का गं?” बाईंनी विचारलं.

हे आम्ही शिकवलं नव्हतं. कारभारणीनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी आणलं. “मला काहीच येत नाही.”

“बिचारी,” असं म्हणून बाई लिहायला लागल्या.

तासाभरानं मंजुरीचा कागद हातात पडला. दोन्ही ऑपरेशनं, सगळा खर्च. कारकून मनापासून हसला, मी त्याचे आभार मानले, कागद तीन वेळा वाचून पर्समध्ये ठेवला. आनंद झालाच, नाही कशाला म्हणू?

परतीची बस गच्च भरलेली. आम्ही कशाबशा आत शिरलो. पुढच्याच एकेरी बाकावर एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कारभारणीनं माझा हात सोडला आणि आपला उजवा हात त्यांच्या तोंडापुढे धरला.

“काका, मला दांडा धरता येत नाही.”

आवाज डॉक्टरीणबाईंपुढचाच, रडवेला. गृहस्थ गडबडीनं उठले. “बस, बस हं बाळा.” माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “जन्मापासून का हो?”

“हो,” मी म्हटलं.

कारभारीण चढून बसली. चेहरा लगेच पहिल्यासारखा झाला होता. ती खिडकीकडे सरकली आणि बाकाच्या रिकाम्या कोपऱ्यावर थोपटून म्हणाली, “आई, ये ना. मावतो आपण.”

सकाळपासून मी उभी होते. मी बसले.