बाबांची एल्कची जागा

हरणांच्या आणि एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबरांच्या, शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला होता आणि नकाशावर अजून एक खूणही पडली नव्हती. अर्लीनचं डोकं उठलं होतं. जेवणाच्या टेबलावर चॅलिस गावामागच्या डोंगरांचा नकाशा पसरलेला, आणि समोर तिचे वडील व्हर्ल कॉफीचा मग नेमका त्या नकाशावरच ठेवून बसलेले.

"बाबा, हरणांचं ठरलं. ती खालच्या उतारांवरच मिळतील. एल्कचं काय? तुमची ती जागा कुठेय?"

"वर."

"वर म्हणजे? अख्खा डोंगर वरच आहे!"

त्या मुलखात माणूस गाडीची किल्ली देईल, पण एल्कची जागा सांगणार नाही. जमीन सरकारी, कुणीही जावं. म्हणून तर तोंड शिवून ठेवायचं. पण पोटच्या पोरीपासूनही? इतकी वर्षं व्हर्ल तिला अंधारातच अशा आडवाटांनी नेत, की पुन्हा एकटीला वाट सापडू नये. आता त्यांचे गुडघे गेले होते. यंदा तिला नवऱ्याला, डेलला घेऊन जायचं होतं. एल्क मिळाला नाही तर हिवाळाभर फ्रीजर रिकामा.

"या ओढ्याच्या वरच्या अंगाला?" तिने बोट ठेवलं.

"असेल."

"की या खिंडीपलीकडे?"

"तिथेही असेल."

"अहो, मी काय गावभर दवंडी पिटणार आहे?"

"तू नाही गं. पण डेलच्या पोटात काही राहत नाही."

हे खरं होतं, म्हणून ती आणखीच भडकली. "मग ठेवा उराशी कवटाळून! मरताना बरोबर न्या!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. व्हर्लनी कॉफीचा मग उचलला, नकाशावरचा ओला डाग बाहीने पुसला.

"सांगितलं की तुम्ही दोघं जाल," ते म्हणाले. "मग मला कशाला न्याल?"

अर्लीनला रडूही येत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता. तिने नकाशाची घडी घातली.

"शेजारच्या ऑर्विनचं खेचर मागते. तुम्ही बसून पुढे चला. आम्ही मागून येतो."

"खेचरावर लादायला मी काय मारलेला एल्क आहे?"

"बाबा, येताय की नाही?"

व्हर्लनी घडी घातलेला नकाशा आपल्याकडे ओढला.

"दोन खेचरं माग," ते खेकसले. "उतरताना एल्क काय मी मांडीवर घेऊ?"