मंजुळाबाईच्या भिंती

मंजुळाबाईच्या घराच्या भिंती मी माझ्या हातानं सोडल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी सरपंचाला आणि पुढाऱ्यांना नावं ठेवीन तेव्हा तुम्ही मला फार साळसूद समजणार नाही.

साल त्र्याहत्तरचं. बहात्तरच्या पावसानं दगा दिलेला. चैत्र लागला नाही तोच आमच्या काळ्या रानाला अशा भेगा पडल्या की चालता चालता शेळीचा पाय आत जायचा. आमचं गाव पिंपळगाव राजाहून तीन कोसांवर. अर्धं गाव सडकेच्या कामावर गिट्टी फोडत होतं आणि रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात होतं. त्या भाकरीला येणारा कुबट वास अजून माझ्या नाकातून गेला नाही. बैल मी माघातच छावणीला नेऊन बांधले होते. विहिरीत घागर बुडत नव्हती, वाटीनं पाणी भरावं लागायचं.

अशा दिवसांत आमच्या सरपंचांना, भाऊरावांना, परिसंवाद भरवायची हुक्की आली. विषय काय, तर शेती, घरं आणि पाऊस. राज्य करणाऱ्या पक्षाचे वामनराव आणि त्यांच्या विरोधातले माणिकराव एकाच मांडवात बसून गावाच्या प्रश्नांवर वाद घालणार, आणि गावानं ऐकायचं. भाऊरावांचा डोळा तालुक्याच्या समितीवर होता. कोणीही निवडून आलं तरी आपली व्यवस्था त्याच्या ध्यानात राहावी, एवढाच त्यांचा हिशेब. पाऊस कुठं गेला, याची त्यांना काही पडली नव्हती.

आता मांडव घालायचा तर सावली पाहिजे. एरवी कडबा टाकायचे, पळसाचे डगळे टाकायचे. त्या साली कडबा औषधालाही नव्हता आणि पळसाला पान नव्हतं. खांबांसाठी भाऊरावांनी नाल्याकाठचे तीन निंब तोडले. गावात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. वर टाकायला तुराट्या हव्या होत्या, पण तुराट्या-पऱ्हाट्या सगळ्यांच्या चुलीत कधीच गेल्या होत्या. पारावर आम्ही पाच-सात जण बसलो होतो. भाऊरावांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्यावर येऊन थांबले.

माझ्या रिकाम्या गोठ्याला तुराट्यांच्या आठ ताट्या होत्या, चांगल्या घट्ट विणलेल्या. गोठा गावाच्या मागच्या अंगाला, कोणाच्या नजरेत येत नव्हता. गोठ्यात जनावर नव्हतं, मांडवाला दिल्या असत्या तर माझं काही अडलं नसतं. पण माणसाची जात मोठी घाण. माझं तोंड आपोआप उघडलं.

"मंजुळावैनीच्या घराचा कुड चांगला हाये," मी म्हणालो. "दयारामनं बांधेल हाये तो."

दयाराम म्हणजे मंजुळाबाईचा नवरा, माझा दोस्त. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या मागं तिच्याजवळ एवढंच घर होतं: चार खांब, वर टिनाचे पत्रे आणि चारही बाजूंनी तुराट्यांचा सारवलेला कुड. दयारामनं ते सगळं एकट्यानं विणलं होतं. मी नुसता दोर धरायला होतो.

आम्ही चौघं गेलो तेव्हा ती सारवण करूनच उठली होती. तिची लेक पुष्पा बाळंतपणाला आली होती, दिवस भरले होते. गिट्टी फोडून आल्यावर मिळेल त्या पाण्यात शेणमाती कालवून मंजुळाबाईनं आतली एक भिंत नवी केली होती, बाळंतिणीला झळ लागू नये म्हणून. सरपंचाचा निरोप तिनं ऐकून घेतला. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "पुंजाभाऊ, पोरगी आज-उद्यात मोकळी होईन. मी कसा देऊ कुड?"

"एका दिसाचं काम हाये वैनी. उद्या संध्याकाळी मी सोता बांधून देतो."

"सोता?"

"हो. माह्यावर सोड."

तिनं माझ्यावर सोडलं. आम्ही गाठी सोडल्या, ताट्या अंगणात आडव्या टाकल्या आणि वजन कमी व्हावं म्हणून काठीनं सारवण झोडून काढलं. ओली शेणमाती ढेकळा-ढेकळानं खाली पडली. पुष्पा एका खांबाला टेकून पाहत होती. मंजुळाबाईनं तिच्याभोवती एक जुनं लुगडं बांधलं. वाऱ्यानं ते पोटाशी चिकटायचं, मग उडायचं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जिपा आल्या. मांडव चांगला झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. दयारामच्या हाताची वीण, तिच्यातून उन्हाचा ठिपका खाली उतरत नव्हता. वामनराव आणि माणिकराव अगदी सावलीत बसले. आम्ही खाली, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं. सडकेच्या कामाला त्या दिवशी सुट्टी दिली होती, म्हणजे गर्दी आयतीच झाली होती.

वामनराव आधी बोलले. पाऊस का पडत नाही, तर आपण झाडं तोडतो म्हणून, असं त्यांनी सांगितलं. एकेका माणसानं पाच-पाच झाडं लावावीत म्हणाले. हे सांगताना त्यांनी ज्या खांबाला हात टेकवला होता, तो परवा तोडलेल्या निंबाचा होता. त्याचा ओला चीक त्यांच्या तळहाताला लागला आणि त्यांनी तो उपरण्याला पुसला. माणिकराव उठले आणि म्हणाले की झाडं शेतकऱ्यानं नाही तोडली, जंगलं सरकारनं विकली. मग बंधारे कोणी अडवले यावर दोघांची जुंपली. मग ज्वारीच्या भावावर. मग घरांवर. वामनराव म्हणाले, भूमिहीनाला हक्काचं घर ही आमची प्रतिज्ञा आहे. माणिकराव म्हणाले, प्रतिज्ञेला छप्पर नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोघंही बोलायला गोड होते, आणि खरं सांगतो, तासभर मला भूक लागली नाही.

शेवटी भाऊरावांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न आहे का. असं विचारायची रीत असते म्हणून विचारलं. कोणी उठत नसतं.

मंजुळाबाई उठली.

"मले माह्या भिंती कवा भेटतीन?"

वामनरावांचा चेहरा खुलला. त्यांना हवा तसा प्रश्न आला होता. "ताई, अगदी योग्य विचारलंत," ते म्हणाले, आणि घरांच्या योजनेवर पाच मिनिटं बोलले. अर्ज कुठं करायचा, समिती कशी बसते, पाहणी कशी होते. सोबतच्या कारकुनाला त्यांनी तिचं नाव लिहून घ्यायला लावलं. "या गावातलं पहिलं घर या ताईंचं," असं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या पडल्या.

ती उभीच होती. "नवीन नाही मांगत जी. जुन्याच द्या. तुमच्या डोक्यावर हायेत त्या."

वामनरावांनी वर पाहिलं. माणिकरावांनीही पाहिलं. मांडवात हसू फुटलं. गावच हसलं हो, परके कोणी नव्हते. भाऊराव लाल झाले. वामनराव हसून म्हणाले, अहो देऊन टाका बाईंच्या भिंती. माणिकरावांना मात्र मुद्दा सापडला. पाहा, या राज्यात बाईला भिंती मागून घ्याव्या लागतात, ते म्हणाले. वामनरावांनी विचारलं, तुमच्या राज्यात काय मिळणार आहे. त्या भिंतींवर दोघं पाव तास भांडले. ज्या बाईच्या त्या भिंती, ती कधी खाली बसली, ते कोणी पाहिलं नाही.

सभा उठली आणि पुढारी भाऊरावांच्या ओसरीवर जेवायला गेले. रोडगे आणि वांग्याची भाजी. गावात मिलो आणि ओसरीवर गव्हाचे रोडगे. मागच्या वाड्यात गोवऱ्यांच्या आरावर ते भाजत होते, आणि तुपाचा वास थेट पारापर्यंत येत होता. मांडवाला हातभार लावलेल्या आम्हा लोकांनाही भाऊरावांनी बोलावलं. ताट्या उतरवायला जावं हे माझ्या ध्यानात होतं. पण आधी खाऊन घेऊ म्हटलं. वर्षभरात गहू पाहिला नव्हता.

दोन जिपांऐवजी चार आल्या होत्या, म्हणून रोडग्यांचा दुसरा आर लावावा लागला. मला दुसऱ्या आरातले दोन मिळाले. कडक, खमंग. भाजीत बुडवून खाल्ले, बोटं चाटली. तिसरा घेणार तेवढ्यात मंजुळाबाई वाड्याच्या दारात दिसली. हातात रिकामं घमेलं होतं. सभेतून ती घरी जाऊन सारवणाच्या तयारीला लागली असेल, असं मला आधी वाटलं. ती मांडवाकडं गेली होती. तिथं नुसते निंबाचे खांब उभे होते.

ती आराजवळ येऊन उभी राहिली. मीही तिकडं पाहिलं. गोवऱ्या पहिल्याच आरात संपल्या होत्या. दुसऱ्या आराच्या कडेला एक अर्धवट जळलेली काडी होती आणि तिच्यावर दोराची गाठ होती, दयारामची, डावीकडून उजवीकडं मारलेली. असली गाठ गावात दुसरं कोणी मारत नव्हतं.

माझ्या तोंडातला घास फिरायला लागला. थुंकावं तर अन्न, गिळावं तर दयारामचा कुड. मी गिळला.

भाऊराव हात धुऊन आले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, पण घाई जास्त होती. "आचाऱ्याले काय मालूम बापा," ते म्हणाले. "आन् तुले आता पक्कं घर भेटून राह्यलं. साऱ्यायच्या समोर नाव लिवलं. काड्यायसाठी काऊन रडतं?"

ती रडत नव्हती. ती खाली बसली आणि हातानं राख घमेल्यात भरायला लागली. वरची गार, आतली गरम. बोटं भाजत असतील, पण ती थांबली नाही.

"आता हे काय?" भाऊरावांनी विचारलं.

"भांडे घासाले होईन," ती म्हणाली. "राख तं माहीच हाये ना?"

घमेलं डोक्यावर घेऊन ती माझ्यासमोरून गेली. माझ्याकडं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी घरी गेलो, विळा घेतला आणि गोठ्याच्या ताट्या सोडायला लागलो. बायको, सिंधू, धावत आली. उद्या बैल आले तर कुठं बांधायचे, म्हणाली.  दोन-दोन ताट्या डोक्यावर घेऊन चार खेपा केल्या. बाहेर लू चालू होती, पायाखालची माती तव्यासारखी तापली होती. पुष्पा टिनाखाली लुगड्याच्या आडोशाला कण्हत होती. कळा सुरू झाल्या होत्या.

मंजुळाबाईनं आठही ताट्या मोजल्यासारख्या पाहिल्या. घट्ट विणलेल्या, कोरड्या, एक काडी मोडलेली नाही.

"गोठ्याच्या होय ह्या?"

"हो."

"परवा पारावर होत्या का तुह्याजवळ?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "होत्या," मी म्हणालो.

 दोर उचलून तिनं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाली. सूर्य मावळायच्या आत आम्ही चारही बाजू बांधून काढल्या. तिनं आतून सारवलं नाही, पाणी नव्हतं. नव्या भिंतींच्या आत पुष्पा बाळंत झाली. मुलगी झाली, पोर आणि माय दोघी धडधाकट होत्या. गोठ्याचा वास मात्र पोरीच्या अंगाला महिनाभर येत होता, असं मंजुळाबाईच पुढं कोणाला तरी सांगत होती.

घराची पाहणी जेठात झाली. ग्रामसेवक कागद घेऊन आला, बरोबर भाऊरावांचा गडी. सभेत नाव लिहिलं होतं ते खरंच पुढं गेलं होतं, ही एक नवलाईच. ग्रामसेवकानं घराभोवती एक चक्कर मारली, ताट्यांवर हात थापटून पाहिला आणि उभ्या-उभ्याच लिहिलं: छत आहे, चारही भिंती मजबूत आहेत, अर्जदारास तूर्त घराची निकड नाही.

त्यानं ते वाचून दाखवलं. मी म्हणालो, साहेब, या भिंती माझ्या आहेत, माझ्या गोठ्याच्या. तिच्या भिंती तुमच्या सभेच्या जेवणाला जळल्या. तो मला म्हणाला, "अहो, पण आज उभ्या आहेत ना?"

मंजुळाबाई नातीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. "लिव्हा बापा," ती म्हणाली. "पन ह्या ढोराच्या गोठ्याच्या हायेत, येवढं तं लिव्हा."

ग्रामसेवकानं कागद खालीवर पाहिला, खरंच पाहिला. "त्याला इथं रकाना नाही, बाई," तो म्हणाला.

मग साक्षीदार म्हणून त्यानं सही मागितली, माझी. मी म्हणालो, मरेन पण देणार नाही. त्याचं काही अडलं नाही. भाऊरावांच्या गड्यानं आंगठा उठवला आणि शाई मंजुळाबाईच्या कुडाला पुसली.