निळ्या डब्याचा हेवा

मित्रांनो, मी झाशीतल्या एका मराठी घरातले जुने पितळी धुपाटणे आहे. खोटे कशाला बोलू? मला एका प्लास्टिकच्या निळ्या डब्याचा भारी हेवा वाटतो.

मला इथल्याच बाजारातल्या एका तांबटाने घडवले. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे लोक म्हणतात. ती म्हण मला मुळीच आवडत नाही. अहो, एके काळी माझा केवढा मान होता! देवीची किंवा पटकीची साथ आली, की पोटात निखारे, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि ऊद घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरत असे. आजारी माणूस उठून बसला, की सगळे म्हणत, "धुरीनं वाचवलं हो!" मी फुगून जात असे.

आता मी कोनाड्यात धूळ खाते. परवा कांचन नावाची नर्स गल्लीतल्या बाळांना लस टोचायला आमच्या ओसरीवर बसली. तिच्या निळ्या डब्यात बर्फ आणि लसीच्या बाटल्या होत्या. त्या डब्याला पंख्याखालची खुर्ची मिळाली! माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्या मुग्धाच्या दीड महिन्याच्या बाळालाही सुई टोचली. "बाबूजी, हल्का बुखार आएगा, घबराना मत," असे कांचनने बाळाच्या आजोबांना, म्हणजे रघुनाथरावांना, बजावले होते. तरी संध्याकाळी बाळाचे अंग तापताच ते घाबरले.

"त्या सुईनंच केलं हे! पुढची सुई मुळीच टोचायची नाही!" असे म्हणून त्यांनी मला खाली काढून बाळाजवळ पेटवले. मला कोण आनंद झाला! त्या डब्याची जिरवायची म्हणून मी खोली धुराने भरून टाकली.

बाळ खोकू लागले. खोकता खोकता त्याचा श्वास अडकला.

"बाबा, आधी ते बाहेर न्या!" मुग्धा ओरडली.

रघुनाथरावांनी मला अंगणात नेले आणि माझ्यावर लोटाभर पाणी ओतले. बाळाचा श्वास मोकळा झाला, पण रघुनाथराव माझ्याशेजारीच बसून राहिले. "आमची अंबिका अशीच घुसमटत होती," ते पुटपुटले.

अंबिका त्यांची धाकटी बहीण. सत्तर वर्षांपूर्वी, चार वर्षांची असताना, घटसर्पाने गेली. तेव्हाही मी तिच्या उशाशी रात्रंदिवस धुमसत होते. वाचलेल्यांचे श्रेय मी घेत आले, अंबिकेचे नाव मात्र कधी काढले नाही.

दोन दिवसांत बाळाचा ताप उतरला. पुढच्या महिन्यात कांचन आली, तेव्हा रघुनाथराव दारातच उभे होते. "बेटी, गलघोंटू का टीका इसी में है ना?" त्यांनी विचारले. गलघोंटू म्हणजे घटसर्प आणि टीका म्हणजे लस.

"हाँ बाबूजी, इसी में है."

त्यांनी स्वतः बाळाला मांडीवर घेतले.

मित्रांनो, मला देवापुढे खुशाल पेटवा, पण बाळाच्या खोलीत माझा धूर नेऊ नका आणि त्याची एकही सुई चुकवू नका. हेवा मला अजून वाटतोच. पण तो डबा दिसला, की मनात येते, हा मेला सत्तर वर्षे आधी का नाही आला?